कवितेची वृत्तं शिकताना आधी अक्षरगणवृत्त की मात्रावृत्त?

नागपुरात बी.ए.ला मराठी घेतलेल्या, शिवाय कविता लिहू पाहणाऱ्या मुलांचा हा नेहमीचा पेच.

ओळखायला अक्षरगणवृत्त सोपं, त्यात लघु (ऱ्हस्व) आणि गुरु (दीर्घ) अक्षरांचा क्रम ठरलेला असतो. ‘दुपारी उन्हाच्या झळा या नकोशा’ ही ओळ घ्या. तीन-तीन अक्षरं तोडा, तीन अक्षरांचा एक गण: लघु-गुरु-गुरु, चार वेळा. गण लक्षात ठेवायच्या ‘यमाताराजभानसलगं’ या सूत्रातलं ‘यमाता’ म्हणजे हाच य गण, आणि चार य गण म्हणजे भुजंगप्रयात, मनाच्या श्लोकांचं वृत्त. चूक होते ती ‘उन्हाच्या’पाशी. पुढे जोडाक्षर दिसलं की मुलं ‘उ’ डोळे मिटून गुरु करतात. पण ‘न्हा’चा आघात मागे येत नाही, म्हणून ‘उ’ लघुच. ‘तुम्ही’तला ‘तु’ही तसाच. ओळ मोठ्यानं म्हणा, कानाला कळतं.

मात्रावृत्तात लघुची एक मात्रा, गुरूच्या दोन. पादाकुलक या मात्रावृत्तात ओळीला आठ-आठच्या सोळा. ‘संत्र्याची ही बाग बहरली’ लिहा, नाहीतर ‘संत्र्याची ही वाडी फुलली’; अक्षरं दहाऐवजी नऊ झाली तरी मात्रा सोळाच. गणवृत्तात एवढी मोकळीक नाही. तिथे जागा भरायला ‘हा’, ‘ही’, ‘तो’ कोंबले जातात. मात्रावृत्ताची अडचण वेगळी: बेरीज सोळा येते, पण आठव्या मात्रेवर शब्द तुटला की ओळ अडखळते.

पाठांतर गणवृत्तालाच जास्त.

पेपरात वृत्त ओळखून लगक्रम (लघु-गुरूंचा क्रम) मांडायचा असेल, तर आधी गणवृत्त. लिहायचंच असेल, तर पादाकुलकापासून सुरू करा. गझलेत दोन्ही चालतात, पण मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, धरलेलं वृत्त शेवटच्या शेरापर्यंत सोडता येत नाही.