विरळ वीण की घट्ट वीण: एकाच रॅकेटची दोन रूपे

एकाच साच्यातून निघालेल्या, 98 चौरस इंच डोक्याच्या आणि तारांविना 305 ग्रॅम वजनाच्या दोन टेनिस रॅकेट्समधून एक निवडायची असेल, तर फरक उरतो तो केवळ विणीचा: एकीत 16 उभ्या व 19 आडव्या तारा, दुसरीत 18 उभ्या व 20 आडव्या. या दोन्ही मी दादरच्या हार्ड कोर्टावर, सकाळी सहाच्या खेळात, दिवाळीपासून पाऊस सुरू होईपर्यंत असा प्रत्येकी एक हंगाम वापरल्या आहेत. कागदावर क्षुल्लक वाटणारा हा फरक हाताला मात्र पहिल्या काही फटक्यांतच कळतो.

विरळ विणीत चेंडू अधिक खोल रुततो, उभ्या तारा बाजूला सरकून झटक्याने जागेवर येतात आणि त्या परतीतून टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी, मिळतो. नदालच्या रॅकेटची वीणही 16 बाय 19 होती. दुसऱ्या सर्व्हिसला चेंडू नेटच्या बराच वरून जाऊनही आत पडतो, हा दिलासा मला घट्ट विणीत तितकासा मिळाला नाही. घट्ट विणीतून चेंडू खालच्या रेषेत निघतो. व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका) आणि बॅकहँड स्लाइस (चेंडूला खालून कापत मारलेला फटका) जिथे योजावे तिथे जातात.

माझा कौल ज्या एका त्रासाने फिरला, तो सरकणाऱ्या तारांचा. कोपराच्या दुखण्यामुळे मी पॉलिएस्टरच्या कडक तारा सोडून मऊ मल्टिफिलामेंट गट, म्हणजे बारीक तंतू एकत्र करून बनवलेल्या तारा, वापरतो. पॉलिएस्टर गुळगुळीत असल्याने आपोआप जागेवर येते. मल्टिफिलामेंट थोडे जुने झाले की सरकलेल्या जागीच राहते. त्यामुळे विरळ विणीच्या रॅकेटवर प्रत्येक गुणानंतर घामेजल्या बोटांनी तारा सरळ करणे आले, आणि एखाद्या वेळी ते राहून गेले की पुढचा स्लाइस हमखास तरंगत प्रतिस्पर्ध्याच्या पुढ्यात पडायचा. एकमेकींवर घासून तारांना खाचा पडत आणि तीन आठवड्यांत गट तुटे. घट्ट विणीत तोच गट मला जवळजवळ दोन महिने पुरला. गटिंगचा, म्हणजे नव्या तारा बसवण्याचा, खर्च मी सोसलाही असता, परंतु दोन गुणांमधला जो वेळ पुढच्या सर्व्हिसचा विचार करण्याचा असतो, तो तारांकडे पाहण्यात जाणे मला फार खटकले.

घट्ट वीण हाताला कडक लागते, हे मान्य करायला हवे. तिला दोन-तीन पाउंड कमी ताण द्यावा. मी 53 वरून 50 वर आलो आणि कोपराची तक्रार थांबली. जूनच्या दमट हवेत चेंडूची लव ओलावा शोषून जड होते, तेव्हा ही रॅकेट फारशी मदत करत नाही आणि खांद्याला जास्त राबावे लागते. ज्यांचा हात पूर्ण फिरतो आणि कोपर पॉलिएस्टर सहन करते, त्यांना विरळ वीणच अधिक मानवेल, असे मला वाटते. मात्र माझ्यासारखा स्लाइस आणि व्हॉलीवर विसंबणारा, मऊ गट वापरणारा खेळाडू असेल, तर त्याने 18 बाय 20 आधी हातात घ्यावी, आणि तीही दुकानात फिरवून न पाहता, कमी ताणाचे गटिंग करून निदान दोन सेट खेळून पाहावी.