गाणारे गुंड बघायचेत: 'गाइज अँड डॉल्स' लावावा की 'बग्सी मलोन'?

जुना, गाण्यांचा, हसवणारा आणि त्यात गुंड असलेला एकच इंग्लिश सिनेमा घरच्यांबरोबर बघायचा म्हटलं की फिरून फिरून दोन नावं पुढं येतात, १९५५ चा 'गाइज अँड डॉल्स' आणि १९७६ चा 'बग्सी मलोन'. 'सम लाइक इट हॉट'चं नाव कुणीतरी काढणारच, तो थोर सिनेमा आहे यात वादच नाही, पण त्यात गाणी मोजकी, सगळा जोर वेषांतरावर, म्हणून तो बाजूला ठेवतो. या दोघांपैकी एक निवडायची वेळ माझ्यावर आली होती, बहीण, मेव्हणे, भाचा आणि आई असे सगळे घरी असताना, आणि दोन्ही बघून झाल्यावर माझं मत बऱ्यापैकी पक्कं झालंय. तरी तुमच्या घरात वेगळं होऊ शकतं हे आधीच सांगतो.

पहिल्या नजरेला 'बग्सी मलोन'च जिंकतो, विशेषतः घरात पोरं असतील तर. कल्पनाच अशी आहे की ऐकल्याबरोबर बघावासा वाटतो. १९२९ चं न्यूयॉर्क, दारूबंदीचे दिवस, दोन टोळ्यांचं वैर, आणि सगळ्या भूमिका शाळकरी मुलांनी केलेल्या. दिग्दर्शक अॅलन पार्करचा हा पहिलाच मोठा सिनेमा, त्याआधी तो जाहिरातींत होता. लांबच्या प्रवासात गाडीत मागं बसलेल्या स्वतःच्या मुलांना तो गुंडांच्या गोष्टी रचून सांगायचा, आणि यातले हिरो लहान मुलंच का नाहीत असं थोरल्या पोरानं सुचवलं, तिथून हे सगळं निघालं. न्यूयॉर्क म्हणून जे दिसतं ते इंग्लंडमधल्या पाइनवुड स्टुडिओत उभारलेलं आहे. गाड्या पायडल मारून चालवायच्या, आवाज मात्र खऱ्या इंजिनाचा. बंदुकीतून गोळ्यांऐवजी क्रीमचे गोळे सुटतात आणि ज्याला लागला तो संपला. जोडी फॉस्टर यात टलूला आहे, वय तेराच्या आसपास, 'टॅक्सी ड्रायव्हर'ही त्याच वर्षीचा, आणि एवढीशी पोरगी खुर्चीत ज्या सहजतेनं बसते ते बघूनच कळतं की हिचं पुढं काय होणार आहे. एका टोळीचा म्होरक्या जाडा सॅम करणारा जॉन कसिसी तर अफलातून आहे. ब्रुकलिनच्या एका शाळेत जाऊन पार्करनं वर्गात विचारलं की इथं सगळ्यात खोडकर कोण, आणि सगळ्या वर्गानं त्याच्याकडे बोट दाखवलं, अशी ती निवड झाली. पडद्यावर ते लगेच पटतं.

आणि सिनेमा दीड तासात आटोपतो, हेही त्याच्याच बाजूनं धरा.

मग माझं अडलं कुठं? गाण्यांपाशी. म्हणजे गाणी वाईट आहेत असं अजिबात नाही, पॉल विल्यम्सनं एकाहून एक चाली बांधल्यात, शीर्षकगीत तर दोन दिवस डोक्यातून जात नाही. अडचण अशी की तोंड हलतं पोराचं आणि आवाज येतो चांगल्या तीस-पस्तीस वर्षांच्या माणसाचा. बोलताना ही मुलं स्वतःच्या आवाजात बोलतात, काही अडखळतात, काहींचे उच्चार थेट रस्त्यावरचे आहेत आणि तेच तर गोड लागतं, आणि गाणं सुरू झालं की तो आवाज गायब. कितीतरी जण म्हणतात की ही त्याची गंमतच आहे, मुलं मोठी झाल्याचं सोंग करतायत म्हणून आवाजही मोठ्यांचा. तर्क म्हणून मला हे मान्य आहे, पण बघताना ते कानाला पटत नाही.

एक जागा नीट सांगतो. फिझी नावाचा मुलगा सॅमच्या क्लबात झाडू मारतो, त्याला नाचायचंय, रोज त्याला सांगतात उद्या ये, उद्या तुझं बघू. सगळे निघून जातात आणि तो एकटा उरतो, आणि मग तो गातो आणि नाचतो, ते उद्याचं गाणं. सिनेमातला सगळ्यात हळवा प्रसंग आहे हा, त्या मुलाचे पाय, त्याचा चेहरा, रिकाम्या खुर्च्या, सगळं जमून आलंय, आणि नेमकं तिथं त्याच्या तोंडातून एका प्रौढ पुरुषाचा मऊ, सराईत, स्टुडिओत घोटलेला आवाज निघतो. माझा भाचा दहाचा आहे, इतका वेळ तो पायडलच्या गाड्या बघून उड्या मारत होता, त्यानं वळून विचारलं, "मामा, हा मोठ्या माणसासारखा का गातोय?" आणि त्यानंतर प्रत्येक गाण्याला तो नुसता ओठ बघत बसला, ओठ जुळतायत की नाही. आई म्हणाली, "गाणं चांगलंय रे, पण पोराला गाऊ द्यायचं होतं." माझ्या मनात तेच होतं, फक्त इतक्या सरळ शब्दांत मला सांगता आलं नसतं.

आता यावर तुम्ही म्हणाल की आपण तर प्लेबॅकवरच वाढलोय, आपल्याला कसली ही अडचण. बरोबर आहे, मीही यावर बराच विचार केला. 'नाच रे मोरा' घ्या, १९५३ च्या 'देवबाप्पा'तलं, गदिमांचे शब्द, पुलंची चाल, पडद्यावर लहान मुलगी आणि गळा आशाताईंचा. पण आशाताईंनी तिथं आवाज त्या मुलीच्या वयाला नेलाय, शब्द टाकण्यात तो अवखळपणा आहे, म्हणून आपल्याला एकदाही वाटत नाही की दुसरं कुणी गातंय. चांगला प्लेबॅक म्हणजे हेच ना, गाणारा पात्राच्या आत जातो. 'बग्सी मलोन'मध्ये पात्राला बाजूला करून गाणारा पुढं येतो आणि उभा राहतो. मुलं बिचारी मन लावून ओठ हलवतात, त्यांचा यात काही दोष नाही, पण एकदा हे कानात बसलं की बसलं.

'गाइज अँड डॉल्स' मला आवडून गेला तो या उलट कारणानं. यात मार्लन ब्रँडो गातो. स्वतः गातो. आणि ब्रँडो गायक नाही, हे पहिल्या दोन ओळींत कळतं. निर्माता सॅम्युएल गोल्डविन, दिग्दर्शक जोसेफ मँकिविट्झ, पैसा भरपूर, कुणाचाही गळा आणता आला असता, तरी त्यांनी त्याचाच ठेवला. अनेक टेकमधले तुकडे जोडून त्याची गाणी तयार केली, आणि ती इतकी घट्ट जोडली होती की नंतर ओठ हलवताना श्वास घ्यायला जागा उरेना, हे ब्रँडोनंच पुढं सांगितलंय. आवाज बारीक आहे, वर जाताना जरा चिमटल्यासारखा होतो. पण तो स्काय मास्टरसनचा आवाज आहे! आयुष्यभर मोठमोठ्या पैजा लावणारा माणूस, कधी कुणासाठी न हललेला, पहिल्यांदा त्याला हरायची भीती वाटतेय, असा माणूस गायला लागला तर असाच गाईल, थोडा अवघडून, थोडा घासून. संगीत नाटक बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही, नट रंगमंचावर उभा राहून स्वतःच्या गळ्यानं पद म्हणतो तेव्हा गळा बेताचा असला तरी भूमिका आणि गाणं एकाच माणसाचं राहतं.

याच सिनेमात खरा गायक बाजूला बसलाय हे मात्र कबूल करायला हवं. फ्रँक सिनात्राला नेथन डेट्रॉइट दिलाय, जो मुळात धावपळ करणारा, पैशांची जुळवाजुळव करणारा, होणाऱ्या बायकोला गंडवणारा विनोदी माणूस. सिनात्राला स्कायचीच भूमिका हवी होती. त्याच्यासाठी एक नवीन गाणंही घातलं, पण तो नेथन म्हणून जरा जास्तच ऐटबाज वाटतो, घाम फुटलेला माणूस वाटत नाही. आणि स्कायचं 'लक बी अ लेडी' पुढं साठच्या दशकात सिनात्रानं स्वतः रेकॉर्ड केलं आणि ते त्याचंच होऊन बसलं. दोन्ही ऐकून बघा. सिनात्राचं गाणं म्हणून सरस आहे, ब्रँडोचं सिनेमात बघताना हातातले फासे दिसतात.

लांबी ही दुसरी तक्रार, आणि ती खरी आहे. अडीच तास. पैजेपायी स्काय सेराला क्युबातल्या हवानाला घेऊन जातो, तो भाग मला लांबलेला वाटतो, जरी सेरा झालेल्या जीन सिमन्सनं तिथं कमाल केलीय. मिशनमधली, म्हणजे पाप्यांना सुधारायला निघालेल्या ख्रिस्ती संस्थेतली, शिस्तीची सेरा, दुधाचं पेय समजून रम घातलेलं पीत जाते, एकावर एक, आणि मग हॉटेलात जी मारामारी करते ती बघण्यासारखी आहे, आणि सिमन्सही स्वतःच गाते. मूळ १९५० च्या ब्रॉडवे नाटकातली गीतकार-संगीतकार फ्रँक लोसरची काही गोड गाणी सिनेमात गाळलीत आणि त्यानंच लिहिलेली नवी घातलीत. नाटक माहीत असलेल्या लोकांना ते खुपतं, आपल्याला कदाचित जाणवणारही नाही. सेट तर उघड उघड रंगवलेले आहेत, टाइम्स स्क्वेअर बघून खरं शहर वाटत नाही. काहींना हे कृत्रिम वाटतं, मला आवडतं, कारण असल्या गोष्टीला खरा रस्ता झेपला नसता. बायकांबद्दलचे काही विचार १९५५ चे आहेत, तेही धरून चला.

पण आत माल किती आहे बघा. सुरुवातीला तीन जुगारी शर्यतीचं पान हातात धरून आपापला घोडा जिंकणार म्हणून एकाच वेळी गातात, तिघांच्या तीन ओळी एकमेकींत गुंतत जातात आणि तरी प्रत्येक घोडा वेगळा ऐकू येतो. अमेरिकन लेखक डेमन रनियनच्या कथांमधले हे गुंड, त्यामुळं बोलणं विलक्षण अदबीचं, कोटाला फूल, डोक्याला हॅट, आणि वाक्यं अशी की जणू सगळे एखाद्या समारंभाला आलेत. मिस अॅडलेडचं नेथनशी लग्न चौदा वर्षं रखडलंय आणि त्या काळजीनं तिची सर्दीच जात नाही. ती पुस्तकात वाचते की लग्न न झाल्यानं बाईला असं होऊ शकतं, आणि शिंकत शिंकत गाते. व्हिव्हियन ब्लेननं ही भूमिका ब्रॉडवेवरही केली होती, तिथला प्रत्येक सुस्कारा मुरलेला आहे. मेव्हण्यांना इंग्लिश गाण्यांचं फारसं कौतुक नाही, त्यांनी हे एक गाणं मागं नेऊन परत लावायला सांगितलं.

आणि शिकागोहून आलेला बिग ज्यूल. त्याच्या फाशांवर ठिपकेच नाहीत. शुभ व्हावं म्हणून पुसून टाकलेत म्हणे, पण कुठं कुठं होते ते त्याला पाठ आहे, आणि त्याच्या खिशात पिस्तूल असल्यानं कुणी वाद घालत नाही. भाचा या जागी इतका हसला की आम्हाला सिनेमा थांबवावा लागला. एकही माणूस न मारता, रक्ताचा थेंब न दाखवता गुंड किती दांडगा आणि किती बावळट असू शकतो हे त्या दोन मिनिटांत आहे. 'बग्सी मलोन'मध्ये क्रीमच्या बंदुकांनी हेच काम होतं आणि तेही मजेशीर आहे, शेवटी तर अख्खा क्लब क्रीमनं माखून निघतो, पण ती मजा डोळ्यांची. इथली बोलण्यातली आहे, म्हणून दुसऱ्यांदा बघतानाही टिकते असा माझा अनुभव. सबटायटल्स मात्र चालू ठेवा, निम्मी गंमत त्या लांबलचक वाक्यांत आहे.

भुयारी गटारातला जुगार हा त्याचा कळस. जमिनीखाली मोठाले पाइप, मायकेल किडनं बसवलेला पुरुषांचा नाच, आणि मग स्काय सगळ्यांसमोर पैज लावतो, मी हरलो तर प्रत्येकाला हजार डॉलर, जिंकलो तर तुम्ही सगळे मिशनच्या प्रार्थनेला यायचं. एका बाजूला पैसा, दुसऱ्या बाजूला चक्क त्यांचा आत्मा! इथं ब्रँडो 'लक बी अ लेडी' गातो, आणि आवाज कसा आहे हे मी तिथवर पूर्णपणे विसरलेला असतो.

तेव्हा निवडायचंच तर, पोरं आठ वर्षांच्या आतली असतील, किंवा रात्री दीड तासच हातात असेल, तर खुशाल 'बग्सी मलोन' लावा, कुणाचा वेळ वाया जाणार नाही. ज्यांच्या कानाला तो आवाजाचा प्रकार खटकत नाही त्यांना तो माझ्यापेक्षा जास्त आवडेल, असे लोक मला माहीत आहेत आणि त्यांची आवड चांगली आहे. बाकी कुणीही असेल, आई-वडील, दहा-बाराची मुलं, नाटकाची आवड असलेले पाहुणे, तर मी 'गाइज अँड डॉल्स'च्या बाजूला झुकेन. फक्त एका बैठकीत ओढू नका. हवानाहून दोघं परत आली की थांबवा, जेवणं उरकून घ्या आणि मग पुढं लावा. कारण गटारातला जुगार, आणि त्यानंतर मिशनमध्ये गोल गरगरीत नट स्टबी के यानं म्हटलेलं ते होडीतल्या स्वप्नाचं गाणं, ज्यात स्वर्गाला निघालेल्या होडीत हा फासे घेऊन चढतो, दोन्ही दुसऱ्या अर्ध्यात आहेत आणि तेव्हा घरातलं कुणी पेंगत असता कामा नये.