विन्यो व्हेर्दे: कोकणातल्या उकाड्यात आठ महिने

ऑक्टोबरपासून मेपर्यंत, वेगवेगळ्या दुकानांतल्या बाटल्या वापरून झाल्यावर पहिली गोष्ट: ही वाइन माशाच्या ताटासाठीच जन्मली आहे, पण दमट उकाडा तिला अजिबात सोसत नाही. चव बिघडते ती बहुतेक वेळा कपाटातच.

ती येते पोर्तुगालच्या वायव्य कोपऱ्यातून. १९०८ साली आखून दिलेला पट्टा, ग्रॅनाइटची जमीन, अटलांटिकचा ओला वारा. द्राक्षाच्या मुलखात एवढा पाऊस म्हणजे बुरशी ठरलेली, म्हणून वेल जमिनीपासून उंच नेण्याची तिथली जुनी रीत: कुठे ग्रॅनाइटच्या खांबांवर मांडव, कुठे सरळ झाडावर. पोफळीवर मिरवेल चढवणाऱ्यांना हे वेगळं समजावायला नको. खालची जमीन मका-भाजीला मोकळी राहते, हाही हिशेब तोच. आता बऱ्याच बागा तारांवर आल्या आहेत.

‘व्हेर्दे’ म्हणजे हिरवी, पण रंगाने नव्हे; कोवळी या अर्थाने. पांढरी बहुधा द्राक्षांच्या वेगवेगळ्या जातींच्या मिश्रणाची असते. लोरेइरो फुलांचा वास देते, आरिंतो आंबटपणाचा कणा, त्राजादुरा तो कणा जरा मऊ करते. आल्वारिन्यो जास्त असेल तर अंग भरतं आणि किंमतही. नेहमीच्या बाटलीत अल्कोहोल साधारण ९ ते ११ टक्के. जिभेवरची बारीक चुरचुर पूर्वी बाटलीतल्याच आंबण्याने यायची, आता बहुतेक ठिकाणी बाटली भरताना कार्बन डायऑक्साइड सोडतात.

हा वायू आणि ताजेपणा दोन्ही उष्णतेने जातात. पुष्कळ बाटल्यांवर हंगामाचं साल नसतं, म्हणून आयातदाराच्या स्टिकरवरचा महिना-वर्ष बघावा; दोन वर्षांच्या पुढची घेऊ नये. मग बाटलीचं तोंड बघावं. बूच काचेच्या कडेच्या किंचित वर आलं असेल, वेष्टनाखाली चिकट ओघळ असेल, तर ती बाटली कुठेतरी तापलेली आहे. अशा बाटलीचा रंग गडद पिवळा असतो आणि वास मार लागलेल्या सफरचंदाचा. एका दुकानात काचेलगतच्या उन्हात मांडलेल्या तिन्ही बाटल्या अशाच निघाल्या. फिरकीचं झाकण मिळालं तर तेच घ्यावं. पावसाळ्यात बुचाच्या टोकावर बुरशी धरते. आणल्या दिवसापासून बाटली फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात नको, तिथे दर उघडझापीला गरम हवा लागते.

प्यायची ७-८ अंशांवर. फ्रिजमधून तीन तास पुरतात. घाईत असाल तर बादलीत बर्फ आणि पाणी अर्धंअर्धं, दोन मुठी जाडं मीठ, बाटली गळ्यापर्यंत बुडवून पंधरा-वीस मिनिटं. नुसता बर्फ टाकू नये, पाण्याशिवाय थंडावा काचेला नीट भिडत नाही. ग्लासात ८०-९० मिलीच ओतावी. आपल्या हवेत दहा मिनिटांत ती कोमट होते, आणि कोमट झाली की नुसतं आंबट पाणी.

रव्यातले बोंबील, कालवं, खोबरं घातलेलं तिसऱ्यांचं सुकं: इथे ती अप्रतिम. तळलेल्याचं तेल आंबटपणा कापतो आणि अल्कोहोल कमी असल्याने मालवणी मसाला घशात भडकत नाही. माशावर लिंबू मात्र पिळू नये. ताटातला आंबटपणा वाढला की वाइन पचपचीत लागते. सोलकढीशेजारी हेच होतं, म्हणून ती शेवटी भाताबरोबर घ्यावी. तिरफळाच्या बांगड्याशीही जमत नाही, जीभ बधिर झाल्यावर उरतं काय? जून-जुलैच्या मासेमारीबंदीत परतलेले सोडे छान जुळतात.

उघडल्यावर चुरचुर दुसऱ्या दिवशी संपते, वास तिसऱ्या दिवशी. उरलेली अर्धी वाटी अर्धा किलो तिसऱ्या उकडायला पाण्याऐवजी घालावी, झाकण ठेवून मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं. तोंड न उघडलेल्या तिसऱ्या टाकून द्याव्यात, आणि तळाचं पाणी रेती बसू देऊन सुक्यात घालावं.