बाटली की वाटी-चमचा?

वहिनीची सुट्टी संपतेय. डॉक्टरांनी बाळाला पावडरचं दूध सांगितलंय आणि घरात वाद एकच: पाजायचं कशाने?

खर्चाचं सोडा, स्टीलची वाटी घरात असतेच. खरा फरक स्वच्छतेचा. निपलमध्ये, झाकणाच्या आट्यांत दूध अडकतं. प्रत्येक वेळी सगळे भाग सुटे करून ब्रशने घासायचे, मग उकळायचे. वाटी-चमचाही उकळायचाच, पण घाण लपायला जागा नाही. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ला टेकलेला असताना, हे महत्त्वाचं.

वेळेत मात्र बाटली जिंकते. चमच्याला धीर लागतो, थोडं सांडतंही. बाळाला जरा उठतं धरून ओठाशी चमचा टेकवायचा, घशात ओतायचं नाही.

पावडर निर्जंतुक नसते. म्हणून कशानेही पाजा, पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांहून गरम असतानाच डब्यातल्या मापाने पावडर मिसळायची. मग कोमट करून पाजायची. उष्टं उरलेलं फेकायचं, आजी कितीही हळहळली तरी.

दिवसा आजी सांभाळणार असेल तर वाटी-चमचा. रात्री एकटीने उठायचं असेल तर बाटली, पण उकळलेल्या दोन-तीन तयार असतील तरच.