रीपर, आठ महिने वापरून: सातची फाइल सहामध्ये

एकांकिकांचं पार्श्वसंगीत आम्ही दोघं मिळून करतो. मित्र पुण्यात, मी साताऱ्यात. आमचं आधीचं सॉफ्टवेअर (नाव राहू दे) त्याने अपडेट केलं आणि रंगीत तालमीच्या आदल्या रात्री त्याचा प्रोजेक्ट माझ्याकडे उघडेचना. 'नवीन आवृत्तीची फाइल', एवढं सांगून गप्प. रात्री दीडला त्याला उठवून वेव्ह फाइली (नुसत्या आवाजाच्या) मागवल्या.

मग रीपर या संगीत रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर आलो. त्याच्याकडे आवृत्ती सात, माझ्या प्रयोगाच्या लॅपटॉपवर अजून सहा. माझं लायसन्स सातलाही चालतं, पण प्रयोग सुरू असताना त्या लॅपटॉपला मी हात लावत नाही.

रीपरचा प्रोजेक्ट म्हणजे साधा मजकूर. आरपीपी फाइल नोटपॅडमध्ये उघडा: पहिल्याच ओळीत आवृत्ती, खाली टेम्पो ९२ ४ ४ (मिनिटाला ९२ ठोके, चार-चारचा ताल), मग एकेका ट्रॅकचं नाव आणि वेव्ह कुठे ठेवलीय त्याचा पत्ता. त्यामुळे काही अडलंच तरी आत काय आहे ते डोळ्यांनी वाचता येतं. एकदा ढोलकीची वेव्ह सापडत नव्हती. पत्ता मित्राच्या डी ड्राइव्हचा होता, तो नोटपॅडमध्येच बदलला.

पण जादू नाही. ट्रॅक लेन (एकाच ट्रॅकमध्ये अनेक टेक, म्हणजे वेगवेगळ्या वेळी केलेली रेकॉर्डिंग, ठेवायच्या ओळी) आणि इफेक्ट एकत्र बांधायचे कंटेनर २०२३ च्या सातमध्ये आले. पहिल्या ओळीतला ७ खोडून ६ लिहिला म्हणून सहाला लेन कळायला लागत नाहीत. म्हणून मित्राला सांगून ठेवलंय, गाण्याचे टेक लेनमध्ये ठेवलेस तर निवडलेला टेक जोडून एक सलग वेव्ह करून पाठव.

सोय झाली ती पोर्टेबल इन्स्टॉलची, म्हणजे सॉफ्टवेअर लॅपटॉपवर न बसवता पेनड्राइव्हवरून चालवायची. सेटअपमध्ये तो पर्याय टिक करून सात पेनड्राइव्हवर टाकलं. लॅपटॉपवरचं सहा जिथल्या तिथे. सातची फाइल पेनड्राइव्हवरच्या सातमध्ये उघडायची, रेंडर करायची (तिच्या वेव्ह काढायच्या), त्या वेव्ह सहामध्ये ओढायच्या.

खरा त्रास आवृत्तीपेक्षा प्लगइनचा, म्हणजे रीपरला वरून जोडायच्या वाद्यांच्या आणि इफेक्टच्या छोट्या सॉफ्टवेअरचा. मित्राकडचा तानपुऱ्याचा प्लगइन माझ्याकडे नाही, तर तो ट्रॅक मुका. त्यातल्या त्यात बरं म्हणजे रीपर त्याची सेटिंग फेकत नाही. मी सेव्ह करून परत पाठवलं की त्याच्याकडे तानपुरा पुन्हा वाजतो.

तरी प्रत्येक प्रोजेक्टसोबत 'वेव्ह' नावाचा फोल्डर आता ठरलेला: सगळे ट्रॅक शून्य सेकंदापासून, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, जोडीला मिडी (वाजवलेल्या सुरांची नोंद असलेली फाइल) आणि टेम्पोची चिठ्ठी. गेल्या महिन्यात मित्राने चिठ्ठीत टेम्पोच लिहिला नव्हता. फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघितला.