जावा, सुंदा की बाली? गामेलान ऐकायला आणि शिकायला सुरुवात कुठून करावी

इंडोनेशियाचं संगीत ऐकायचं ठरवलं की बहुतेकांची पावलं बालीकडेच वळतात. सहल बालीची, व्हिडिओ बालीचे, हॉटेलात वाजतं तेही बालीचंच. (गामेलान म्हणजे गोंग, कांस्यपट्ट्यांची वाद्यं आणि ढोल यांचा एकत्र वाजणारा संच.) माझं मत आधीच सांगतो. ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत ऐकून कान तयार झाला असेल तर सुरुवात सुंदानी संगीतापासून करावी. त्यात मुरावंसं वाटलं की जावाकडे यावं. आणि बालीचं संगीत समोर बसून ऐकायची सोय होईल त्या दिवसासाठी राखून ठेवावं.

आधी थोडा भूगोल, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. जावा बेटाच्या मध्य आणि पूर्व भागात जावानी लोक राहतात, पश्चिमेला बांडुंग-चिआंजूरच्या डोंगराळ मुलखात सुंदानी. पूर्वेची चिंचोळी सामुद्रधुनी ओलांडली की बाली. सुंदानी भाषा वेगळी, संगीतही वेगळं, पण बेट एकच असल्यामुळे त्यांचं श्रेय हमखास जावाच्या नावावर जमा होतं. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात फ्रेंच संगीतकार देब्युसी ज्या वादनानं भारावला, त्याला पुस्तकं 'जावाचं गामेलान' म्हणतात. प्रत्यक्षात नर्तकी मध्य जावातल्या सोलोच्या दरबारातल्या होत्या, पण वादक पश्चिम जावातल्या पाराकान सालाक या चहामळ्यावरचे सुंदानी होते.

मग सुंदापासूनच सुरुवात करू. काचापी-सुलिंग हा प्रकार शोधा: एक मोठं, होडीसारख्या आकाराचं तंतुवाद्य, जोडीला एक लहान, आणि त्यावर बांबूची बासरी. बासरीवाला स्वर सरळ लावत नाही, तो हलवतो, वळवतो, सोडताना किंचित खाली ओढतो. आपल्या कानाला हे लगेच उमगतं. चिआंजूरच्या सरंजामदारांच्या वाड्यांत एकोणिसाव्या शतकात बहरलेलं 'तेंबांग सुंदा' याच वाद्यांवर गायलं जातं. आधी मुक्त लयीतलं गायन, मग त्याला जोडून तालात बांधलेलं 'पानांबिह'. आलापानंतर बंदिश ऐकायची सवय असलेल्यांना हा क्रम परका वाटणार नाही.

याच भागातलं देगुंग हे छोटेखानी गामेलान. त्याचे पाच स्वर ढोबळमानानं सा ग म प नि, सगळे शुद्ध. तिलंगातला कोमल निषाद काढून टाकला तर जे उरेल, साधारण त्याच्या आसपास. 'साधारण' म्हणण्याला कारण आहे. गामेलानचा प्रत्येक संच आपल्या आपल्यात जुळवलेला असतो. दोन संचांचे स्वर तंतोतंत जुळतीलच असं नाही, आणि आपल्या पेटीशी तर जुळतच नाहीत. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर पहिल्या मिनिटाला 'बेसूर आहे' म्हणून बंद करण्याचा मोह होतो.

जावाचं दरबारी संगीत पहिल्या भेटीत हाताला लागत नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर गेलेल्या सोनेरी तबकडीवर गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक असतं. त्याच तबकडीवर योग्याकार्ताच्या पाकुआलामान राजवाड्यातलं 'पुस्पावार्ना'ही आहे. ते ध्वनिमुद्रित करणारे रॉबर्ट ब्राउन यांनीच केसरबाईंचीही शिफारस केली होती. जावाची सुरुवात याच रचनेनं करा, आणि मात्रा मोजत ऐका.

ही 'केतावांग' प्रकारातली रचना. मोठ्या गोंगाच्या एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत सोळा मात्रा, म्हणजे तीनतालाएवढ्याच. आठव्या आणि सोळाव्या मात्रेवर केनोंग, म्हणजे आडवा ठेवलेला मडक्यासारखा गोंग, वाजतो, सोळाव्यावर त्याच्यासोबत गोंग. इथे आपला कान फसतो. आपण गोंगाला सम समजून 'एक' मोजतो, त्यांच्या हिशेबात ती शेवटची मात्रा असते. सगळा प्रवास गोंगाकडे जातो आणि तिथे विसावतो. गोंग वाजवणारा तर तो क्षणभर उशिरानेच टोलवतो. हे एकदा लक्षात आलं की संथ वाटणारं संगीत एकदम सरळ चालू लागतं.

लय मंदावते तेव्हा दुसरी गंमत घडते. मुख्य स्वरांमधलं अंतर वाढतं, आणि गेंदेर, गांबांग ही बारीक काम करणारी वाद्यं त्या मोकळ्या जागेत दुप्पट स्वर भरतात. म्हणजे एकाच वेळी संगीत संथही होतं आणि दाटही. बडा ख्याल शांतपणे ऐकणाऱ्यांना यात खरा आनंद आहे. त्यावरून तरंगत जाणारा रेबाब (गजानं वाजवायचं तंतुवाद्य) आणि 'सिंधेन' म्हणजे गायिकेचा आवाज ओळखू यायला मात्र महिने द्यावे लागतात. घाईत असाल तर जावा नकोच.

बाली बरोबर उलट. इथे घाई हाच प्राण आहे. आज सर्वत्र ऐकू येणारी 'गोंग कब्यार' शैली फार जुनी नाही, उत्तर बालीत १९१५ च्या सुमारास ती पुढे आली. डच आक्रमणानंतर राजदरबार मोडले, गावोगावच्या मंडळांनी जुनी दरबारी वाद्यं वितळवून नव्या शैलीची घडवली. सुरुवातीलाच सगळा ताफा एकदम कोसळतो, थबकतो, पुन्हा उसळतो.

वाजवणाऱ्यांचे हात पाहिलेत तर कळेल की वेग एकट्याचा नसतोच. एक जण 'पोलोस' वाजवतो, दुसरा त्याच्या फटींत 'सांगसिह', आणि दोघांची मिळून एक अखंड धून होते. उजव्या हातातली हातोडी पुढच्या पट्टीवर पडत असताना डावा हात आधीची पट्टी चिमटीत धरून तिचा आवाज मिटवत असतो. शिवाय वाद्यं जोडीनं बनवतात आणि जोडीतलं एक मुद्दाम किंचित चढं ठेवतात. दोन्ही एकत्र वाजली की स्वर थरथरतो, हवा हलल्यासारखी वाटते. फोनच्या स्पीकरवर यातलं काहीच उरत नाही, नुसता खणखणाट ऐकू येतो. म्हणून म्हणतो, बाली प्रत्यक्षच ऐका. उबुडच्या राजवाड्यात संध्याकाळी कार्यक्रम असतात, ते ठीक. देनपसारला जून-जुलैत भरणारा, १९७९ पासून चालत आलेला कला महोत्सव त्याहून सरस, कारण तिथे गावोगावची मंडळं एकमेकांसमोर ईर्ष्येनं वाजवतात.

शिकायचं असेल तर प्रश्न आवडीइतकाच सोबतीचाही आहे. बालीची वाद्यं एकट्यानं शिकणं जवळजवळ अशक्य, जोडीदार हवाच. शिकवण्याची पद्धत म्हणजे गुरू समोर बसून वाजवणार आणि तुम्ही बघून उचलायचं. जावात सारोनसारखं सोपं कांस्यपट्ट्यांचं वाद्य हातात घेऊन नवखा पहिल्याच दिवशी सगळ्यांसोबत बसू शकतो, आकड्यांत लिहिलेलं स्वरलेखनही असतं. पण रेबाब किंवा गेंदेर म्हणजे वर्षानुवर्षांची साधना. घरी बसून, एकट्यानं, रोज अर्धा तास असं शिकायचं असेल तर सुंदानी काचापी किंवा सुलिंगच. थेट तिथे जायचं असेल तर सोलो, योग्याकार्ता, बांडुंग आणि देनपसार इथे सरकारी कला संस्था आहेत, आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंडोनेशिया सरकारची 'दर्मासिस्वा' शिष्यवृत्ती आहे.

लोकप्रिय संगीतात माझा कौल पुन्हा सुंदाला. बांडुंगच्या गुगुम गुंबिरा यांनी सत्तरच्या दशकात केतुक तिलु या लोकनृत्यातून 'जायपोंगान' हा नाच-गाण्याचा प्रकार उभा केला. त्यातला कंडांग हा ढोल ऐका आणि शक्य झालं तर पाहा. वादक टाच चामड्यावर दाबून स्वर वरखाली करतो. आपल्याकडे डग्ग्यावर मनगट सरकवून जी घुमक काढतात, ती इथे पायानं निघते. या नाचावर अश्लीलतेचे आक्षेप आले, तरी तो घराघरांत पोचला. इजाह हादिजाह यांचा आवाज त्यासाठी आवर्जून ऐकावा.

जावात मान्थौस यांनी गामेलान आणि कीबोर्ड एकत्र आणून 'चांपुरसारी' रुजवली, आणि दिदी केंपोत यांनी तिच्यात विरहगीतं गायली. सोलोच्या रेल्वे स्थानकावरचं त्यांचं 'स्तासियुन बालापान' म्हणजे ताटातुटीचं गाणं. २०२० साली ते गेले, त्याआधीची एक-दोन वर्षं कॉलेजची पोरं त्यांच्या मैफलींत रडत रडत गात होती. भाषा कळत नसली तरी चाल पोचते. बालीच्या पॉपबद्दल तसं म्हणवत नाही, त्यातली गंमत बरीचशी शब्दांत आहे.

शेवटचा व्यवहारी मुद्दा खरेदीचा. बालीच्या दुकानातून कांस्यपट्ट्यांचं सुटं वाद्य आणू नका. जोडीदाराशिवाय ते अर्धंच आहे आणि दुसऱ्या कुठल्या संचाशी जुळेलच याची खात्री नाही. सुलिंग घ्या, तीही एखाद्या वादकाकडून वाजवून पाहून. चार भोकांची देगुंगसाठी, सहा भोकांची तेंबांगसाठी.