वैरागच्या पुढचा डोंगर आणि आबांचा हुरडा, आमचा अनुभव

सोलापुरात राहून डोंगर बघायचा म्हणलं की आपल्या डोक्यात एकच येतं, तुळजापूरचा घाट. त्याच्या पुढं काही असतं असं आपण धरतच नाही. सुट्टी आली की गाडी काढायची आणि महाबळेश्वर गाठायचं, जाऊन ट्रॅफिकमधे बसायचं. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण सव्वा तासावर इतकी भारी जागा आहे हे मला स्वतःला बेचाळीस वर्षं माहीत नव्हतं आणि याचं मला खरंच वाईट वाटलं.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही पाच जण गेलो, मी, बायको, दोन पोरं आणि आई. आईचं वय ७१, गुडघे दुखतात. तिचं माहेर मोहोळ तालुक्यातलं, पण लग्नानंतर सगळं आयुष्य सोलापुरात गेलं आणि आता जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. दरवर्षी थंडी पडली की ती एकदा तरी हुरड्याचं काढतेच. मागच्या वर्षी हायवेवरच्या एका ठिकाणी नेलं होतं, नाव लिहीत नाही, तिथं सकाळी दहापासून डीजे, रेन डान्स आणि ताटात आला तो फ्रीजरमधला हुरडा तव्यावर गरम केलेला, रबरासारखा. आईनं दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला ठेवलं, घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलली नाही. तेव्हाच ठरवलं होतं की पुढच्या वर्षी नेईन तर खऱ्या रानात.

या जागेला बोर्ड नाही, नाव पण नाही. लोक नुसतं डोंगराखालचा हुरडा म्हणतात नाहीतर आबांचा हुरडा. आमच्या ऑफिसातल्या एकाचे पाव्हणे त्या भागातले, त्यांच्याकडनं कळलं. सोलापूर बार्शी रोडनं निघायचं, नान्नज, वडाळा करत वैराग गाठायचं आणि तिथनं उजव्या अंगाला डोंगराच्या दिशेनं आत वळायचं. शेवटचे दोन किलोमीटर बैलगाडीची वाट आहे, काळी माती. कोरड्यात छोटी कार आरामात जाते पण अवकाळी पाऊस झाला असेल तर अजिबात जाऊ नका, ही माती चाकाला चिकटली की ट्रॅक्टरशिवाय सुटत नाही. मोबाईलवरच्या मॅपनं आम्हाला भलत्याच वस्तीवर नेलं, तिथल्या एका पोरानं मोटरसायकलवर पुढं होऊन वाट दाखवली, पाणी घ्या म्हणून पण थांबवलं.

जाताना नान्नजपाशी थोडं थांबा. तिथलं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं आहे. माळढोक आता दिसणं फार अवघड, त्याची आशा धरून जाऊ नका, पण आम्हाला रस्त्यापासून लांब सात आठ काळविटं दिसली आणि गवतावरनं अगदी खालनं तरंगत जाणारा एक भोवत्या. हे पक्षी थंडीत बाहेरच्या देशातनं येतात आणि रात्री झाडावर नाही तर गवतातच जमिनीवर झोपतात, हे मी पोरांना सांगितलं तर धाकटा वैराग येईपर्यंत खिडकीला नाक लावून बसला. आणि नान्नज म्हणजे द्राक्षं हे तर आपल्याला माहीतच आहे, सोनाका आणि शरद सीडलेस या जाती तिथल्याच नानासाहेब काळेंनी शोधल्या.

आता मूळ मुद्दा. वैराग सोडलं की जमीन सपाट असते आणि मग समोर एकदम एक लांबलचक भिंत उभी राहते, ती बालाघाटाची रांग. आपल्या सह्याद्रीसारखी टोकदार शिखरं नाहीत, सगळ्या डोंगरांचे माथे चाकूनं कापल्यासारखे सपाट. हा सगळा थरावर थर साचलेला लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणून कडेला पायऱ्या पायऱ्या दिसतात. डिसेंबरात गवत वाळून सोनेरी होतं, मधे मधे तरवडाची पिवळी फुलं आणि पायथ्याला हिरव्यागार ज्वारीची रानं. त्या रानातच आबांची वस्ती आहे, दोन खोल्या, एक गोठा, मोठं कडुलिंबाचं झाड आणि विहीर.

पोचलो तर आबा समोर आले, पाव्हणं आधी पाणी घ्या मग बाकीचं. आईला बघून त्यांनी लगेच पोराला आतनं बाज आणायला लावली आणि लिंबाखाली टाकली. बाकीच्यांना सतरंज्या. ही गोष्ट मला फार आवडली, कुणाला काही सांगावं लागलं नाही.

हुरड्याची आगटी आमच्यासमोर पेटवली. जमिनीत हातभर खड्डा, त्यात शेणाच्या गोवऱ्या, त्या जळून लालबुंद आर झाला की ताजी तोडलेली कणसं दांडा वर ठेवून आरात खुपसायची. दोन तीन मिनिटात कणसाचा वास बदलतो, कच्च्या हिरव्या वासाचा गोडसर धुरकट वास होतो, मग आबा एकेक कणीस काढून राख झटकायचे आणि गरम असतानाच दोन तळहातात चोळायचे. मी पण करून बघितलं, पहिल्या कणसाला हात भाजला, दुसऱ्याला दाणे चेंगरले, तिसऱ्याला बरोबर जमलं. हळू दाबायचं आणि तळवा गोल फिरवायचा, दाणा आपोआप सुटतो, मग सुपात घेऊन एक फुंकर मारली की कूस उडून जाते आणि खाली राहतात ते पोपटी, लुसलुशीत, वाफाळणारे दाणे.

आईनं पहिला घास तोंडात टाकला, डोळे मिटून चावला आणि विचारलं, गुळभेंडी हाय न्हवं? आबा एकदम खूश, म्हणाले, आक्का, बरोबर वळखलं की! मग दोघांचं जे सुरू झालं ते अर्धा तास थांबलंच नाही. मी ऐकत बसलो. भाकरीसाठी शेजारच्या पट्ट्यात मालदांडी लावलीय, पण मालदांडीचा दाणा कोंड्यात घट्ट बसतो, चोळून लवकर सुटत नाही, म्हणून हुरड्याला वेगळी गुळभेंडी. हुरड्याचे दिवस पण मोजकेच, दाणा दुधाळ असतो तेव्हा चोळला तर नुसतं पाणी, जरा पिठाळ झाला की खरा हुरडा, आणि आठ दहा दिवसात कडक होऊन ज्वारी होते. म्हणून आबा सगळं रान एकदम पेरत नाहीत, आठ पंधरा दिवस सोडून तुकड्या तुकड्यानं पेरतात. आणि या शाळूला पेरल्यावर पाऊस जवळजवळ मिळतच नाही, काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर आणि रात्रीच्या थंडीवर हे पीक वाढतं. आपल्याकडं वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातलाही मोठा हिस्सा सप्टेंबरात, त्यावर एवढं गोड पीक येतं हे समोर बघितल्यावर मला आपल्या भागाबद्दल फार बरं वाटलं. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते उगीच नाही.

बरोबर खायला काय काय होतं तर शेंगाची चटणी, उखळात कुटलेली, तेल सुटून लालभडक झालेली, लसणाची चटणी, कारळ्याची चटणी, गूळ, घट्ट दही, रेवड्या, बोरं, हरभऱ्याचे डहाळे आणि ऊस. वाटेल तेवढं घ्या, कुणी मोजत नाही. शेंगाची चटणी इतकी जमलीय की आम्ही पाव किलो विकत मागितली तर तिथल्या मावशींनी डबा भरून दिला आणि पैसे घेताना तीनदा नको म्हणाल्या. हुरड्यावर पाणी पिऊ देत नाहीत, ताक देतात, पोट जड होत नाही.

खाऊन झाल्यावर डोंगर. हे चुकवू नका, नुसता हुरडा खाऊन परत जाणारे पण लोक होते त्या दिवशी, त्यांनी अर्धीच गोष्ट बघितली असं माझं स्पष्ट मत आहे. आबांचा नातू बरोबर येतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत पण तुम्ही खुशीनं द्या. चढ पाऊण तासाचा. पहिला अर्धा सोपा, बोरी, हिवर, सीताफळीची झाडं, मग वरच्या टप्प्यात दगड सुटे आहेत, तिथं चप्पल घालून जाऊ नका. आणि पायात लांब मोजे नकोत, कुसळी गवताची टोकं मोज्यात अशी रुततात की थोरल्याला वर जाऊन अर्धा तास कुसळं उपटत बसावं लागलं.

वर गेल्यावर डोंगर संपतच नाही, मोठ्ठं पठार लागतं. वारा इतका की बोललेलं ऐकू येत नाही. एका कडेला शेंदूर लावलेला दगड आणि भगवा झेंडा, त्याच्यापाशी बसलं की पश्चिमेकडचं सगळं दिसतं. ज्वारीचे गडद हिरवे चौकोन, हरभऱ्याचे फिकट, द्राक्षबागांच्या आखल्यासारख्या ओळी, शेततळ्यांचे चमकणारे तुकडे आणि लांब धुरकट झाडांची एक वाकडी रेघ. ती भोगावती, नातवानं सांगितलं. या अंगाला पडलेला पाऊस ओढ्यानं भोगावतीला, भोगावती सीनेला आणि सीना आपल्या कुडलला भीमेला मिळते. तेच रांगेच्या पलीकडच्या अंगाचं पाणी तेरणेला, तिथनं मांजरा आणि मग गोदावरी. एकाच डोंगररांगेवर पडलेल्या पावसातला काही कृष्णेला जातो आणि काही गोदावरीला, हे शाळेत पाणलोट पाणलोट म्हणून पाठ केलं होतं पण डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. माझ्या थोरल्याला मी सांगितलं तर त्यानं बाटलीतलं पाणी दगडावर ओतून बघितलं कुठं वाहतंय ते.

कुडलला ज्यांनी हत्तरसंगचा तो १०१८ सालचा मराठी शिलालेख बघितलाय त्यांना कळेल मी काय म्हणतोय. तो शिलालेख ज्या संगमावर आहे तिथलं काही पाणी सीनेचं, आणि सीनेला जाणारा एक ओढा मी इथं वरनं बघत होतो.

आता तक्रारी, त्या पण लिहायलाच पाहिजेत. टॉयलेट एकच आहे, स्वच्छ आहे पण खाली उकिडवं बसायचं आहे, आईला फार त्रास झाला, बायकोला धरून उठवावं लागलं. वयस्कर माणसं येणार हे माहीत असताना किमान एक कमोड आणि धरायला दांडी पाहिजेच. हे मी आबांना तोंडावर सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, उन्हाळ्यात करतो म्हणाले. जेवण उशिरा, तीन वाजले, आणि भाकरी पहिल्या पंगतीला गरम होती, आमच्यापर्यंत येईपर्यंत गार. त्या दिवशी साठेक माणसं होती आणि चुलीवर भाकरी करणाऱ्या दोघीच, मग होणारच. चाळीसच्या वर बुकिंग घेऊ नका असं माझं म्हणणं. वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची आमटी मात्र गार भाकरीबरोबर पण चाटून पुसून खाल्ली. ताटं थर्माकोलची होती, ती बदला, रानात पत्रावळी शोभते आणि जनावरानं खाल्ली तरी चालते.

आणि एक तक्रार आपल्याच लोकांबद्दल. वर पठारावर चिप्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या आणि एका जागी फोडलेल्या बिअरच्या बाटल्या. तिथं मेंढरं चरतात हो. नातू म्हणाला मागच्या वर्षी कुणीतरी बिडी टाकली आणि गवत पेटलं, गावातली माणसं लिंबाचे डहाळे घेऊन रात्री अकरापर्यंत आग बडवत होती. ते गवत म्हणजे त्यांच्या जनावरांचा चारा. मला ते ऐकून इतकी लाज वाटली, आम्ही पिशवीत मावेल तेवढं भरून खाली आणलं.

रेट माणशी ३५०, दहा वर्षाखालच्या पोरांना २००, हुरडा, जेवण, ताक, डोंगर सगळं धरून. एवढ्या पैशात सोलापुरात एक पिझ्झा येतो. दोन दिवस आधी सांगावं लागतं, ऐनवेळी गेलात तर हुरडा संपलेला असतो. मोबाईलला रेंज नाही, रोख पैसे ठेवा. डीजे लावायचा असेल तर जाऊच नका, आमच्यासमोर एका ग्रुपनं गाडीतनं स्पीकर काढला तर आबांनी हात जोडून बंद करायला लावला, म्हणाले, मागं गोठ्यात गाय व्यायलीय. पाचमधले साडेचार स्टार माझ्याकडनं, अर्धा फक्त टॉयलेटसाठी कापलाय, ते झालं की पूर्ण देणार.

डोंगरावरनं आम्ही खाली आलो. आई बाजेवर नव्हती. बघितलं तर ती मावशींबरोबर ज्वारीच्या बांधावर उभी, धाटं तिच्या डोक्याच्या वर गेलेली, आणि कणसं हातात धरून बघत होती कुठलं भरलंय कुठलं नाही. गुडघ्याचं नाव पण नाही. निघताना आबांनी सांगितलं, शेवटचा तुकडा उशिरा पेरलाय, गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा झाली की त्याचा हुरडा येईल. आईनं गाडीत बसायच्या आधीच पाच जणांचं सांगून टाकलं.